उसनी पद्धत, घरचे प्रश्न : अहमदाबादच्या ‘आयआयएम’मधील संशोधनाची वाटचाल

अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था म्हणजे मुंबईने हातची घालवलेली संस्था, असे गमतीने म्हणता येईल. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज रॉबिन्स योजना आयोगाच्या बोलावण्यावरून भारतात आले, देशभर हिंडले आणि १९५९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. खर्च फोर्ड फाउंडेशनचा होता. सरकारने पैसा द्यावा, पण सरकारी खात्याच्या शिरस्त्याने चालू नये, अशी व्यवस्थापनाची अखिल भारतीय संस्था काढावी, असे त्यांचे म्हणणे. जागा म्हणून मुंबईचे नाव पुढे आले यात नवल नव्हते. गिरण्या, बँका, शेअर बाजार, टाटांची कचेरी, सगळे तिथेच. पण मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली ही संस्था घालण्याची बोलणी काही जमली नाहीत. तेवढ्यात १ मे १९६० उजाडला, द्विभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, आणि नव्या गुजरातच्या तेव्हाच्या राजधानीत, अहमदाबादेत, शास्त्रज्ञ डॉ. विक्रम साराभाई व गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई ही जोडी अशा संधीची वाटच पाहत होती.

गुजरातचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता यांच्या सरकारने जमीन दिली, गिरणीमालकांनी देणग्या दिल्या, चालू खर्च केंद्राने उचलला. कलकत्त्याची संस्था नोव्हेंबर १९६१ मध्ये निघाली होती. अहमदाबादच्या संस्थेची नोंदणी ११ डिसेंबर १९६१ रोजी झाली. मुंबई विद्यापीठाने पुढे १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या मदतीने जमनालाल बजाज संस्था काढली आणि ती नावारूपालाही आली. मुंबईचे नाव लावणारी आयआयएम मात्र २०२३ मध्ये झाली, तीही पवईच्या ‘नीटी’ या जुन्या संस्थेचे नामांतर करून.

या संस्थेचा इतिहास सहसा तिथून बाहेर पडलेल्यांच्या पगारांवरून सांगितला जातो. दरवर्षी प्लेसमेंटचे आकडे छापून येतात, आणि वाचणाऱ्याचा समज होतो की ही नोकरी मिळवून देणारी एक भारी टांकसाळ आहे. या लेखात ते आकडे नाहीत. कंपन्या कशा चालतात, त्यांचा धनी कोण, उद्योजक घडतो तरी कसा, या प्रश्नांवर इथल्या माणसांनी काय शोधले, त्याची ही हकिगत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. शिकवण्याची पद्धत या संस्थेने परक्याकडून घेतली, आणि ती घेतली यात शहाणपण होते. पण तिचे लक्षात राहण्याजोगे संशोधन जिथे प्रश्नही परके घेतले तिथे उभे राहिले नाही. प्रश्न इथलाच होता तिथे ते उभे राहिले.

अहमदाबादला संशोधनाची सवय संस्थेच्या आधीपासूनची. साराभाईंनी केंब्रिजहून परतल्यावर १९४७ मध्येच भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली आणि त्याच सुमारास गिरण्यांच्या वर्गणीवर चालणारी ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योगाची संशोधन संस्थाही उभी केली. अटिरामध्ये सूत आणि रंगांच्या जोडीला माणसांचाही अभ्यास व्हावा, हा त्यांचा हट्ट. त्या विभागाचे काम कमला चौधरी पाहत. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन काही वाढत नव्हते. राइसनी पाहिले की कामाचे इतके तुकडे पाडले आहेत की एका मागाशी डझनभर वेगवेगळ्या कामांची माणसे येऊन जातात आणि तो माग माझा असे कुणालाच वाटत नाही. ठरावीक मागांचा संच एका लहान गटाकडे सोपवायचा आणि आतली कामे त्यांनीच वाटून घ्यायची, असे केल्यावर उत्पादन वाढले आणि कापडाचे नुकसान घटले. ‘अहमदाबादचा प्रयोग’ म्हणून तो आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आयआयएमची पहिली वीट रचली जाण्याआधी या गावात हे घडून गेले होते, ही गोष्ट संस्थेच्या इतिहासकारांनी जरा जास्त ठळकपणे सांगायला हवी होती.

साराभाई पहिली काही वर्षे मानद संचालक होते. अवकाश, औषधांचा कारखाना, नाट्यसंस्था असा त्यांचा पसारा; त्यामुळे शाहीबागेतल्या बंगल्यात सुरू झालेल्या या संस्थेचा रोजचा गाडा कमलाबेन चौधरींनी ओढला. माणसे नेमणे, अभ्यासक्रम ठरवणे, हार्वर्डशी पत्रव्यवहार हे सगळे त्यांच्याकडे. संचालकपद मात्र त्यांच्याकडे आले नाही. त्या काळच्या उद्योगजगताला बाईच्या हाताखाली मॅनेजर घडतील हे पचले असते का, याचे उत्तर शोधायला फार संशोधन लागणार नाही.

हार्वर्ड बिझनेस स्कूलशी सहकार्याचा करार झाला आणि त्याबरोबर ‘केस’ पद्धत आली. एखाद्या कंपनीची खरी अडचण दहावीस पानांत मांडायची, उत्तर सांगायचे नाही. विद्यार्थी ती रात्री वाचून येणार, सकाळी वर्गात शिक्षक एकाकडे बोट करून विचारणार, “तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?” तिथून तास पेटतो. हार्वर्डच्या केसेस अमेरिकन बाजारावरच्या. त्या इथे वापरून पाहिल्या, पण डेट्रॉइटच्या गाडीवाल्याचे दुखणे अहमदाबादच्या सूत-व्यापाऱ्याच्या उपयोगाचे नव्हते. मग प्राध्यापक कारखान्यांत जाऊ लागले. पेढीची वही बाहेरच्याला दाखवण्याची आपल्याकडे रीत नव्हती. विश्वास कमवावा लागे, मालकाकडून छापण्याची परवानगी घ्यावी लागे, कधी नावे बदलावी लागत. केस लिहिणे हेच संस्थेचे पहिले संशोधन ठरले. ते संशोधन म्हणायचे की नाही, यावर तिथे वाद होत आले आहेत. एका कंपनीची गोष्ट म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे खरेच. पण ज्या देशात कंपन्या आतून कशा चालतात याची नोंदच नव्हती, तिथे नोंद करणे हेही कमी नव्हते.

१९६५ मध्ये रवी मथाई पूर्णवेळ संचालक म्हणून आले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. वडील जॉन मथाई स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री. रवी ऑक्सफर्डला शिकलेले, कलकत्त्याच्या कंपनीत मुरलेले आणि मग तिथल्या आयआयएममध्ये शिकवणारे. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती. भारतातल्या संस्थांच्या इतिहासात ज्यांच्याबद्दल आदराने बोलावे अशी प्रशासक माणसे थोडी, त्यांत मथाईंचा नंबर वरचा. संचालक हा समान लोकांतला पहिला, एवढाच त्याचा मान, असे त्यांनी मानले आणि तसे वागले. अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका यांचे निर्णय प्राध्यापकांच्या समित्यांकडे गेले. प्राध्यापकाने शिकवावे, संशोधन करावे आणि बाहेर जाऊन सल्लाही द्यावा. सल्ल्याच्या कामातून प्रश्न मिळतात, असा त्यांचा हिशेब. १९७२ मध्ये त्यांनी आपण होऊन संचालकपद सोडले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. नंतर आलेल्या संचालकाच्या कारभारात ढवळाढवळ नाही, वेगळी खोली नाही, गाडी नाही. आपल्याकडे खुर्ची सोडलेला माणूस मार्गदर्शक म्हणून दुप्पट त्रास देतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

संस्थेची वस्त्रापूरची इमारत हा स्वतंत्र लेखाचा विषय. अमेरिकन वास्तुकार लुई कान यांना वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी इथे आणले. उघड्या विटांच्या कमानी, भिंतींतली प्रचंड गोल भोके, उन्हाला बाहेर अडवणारे लांब व्हरांडे, हे काम चालू असतानाच १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर कान वारले. उरलेले काम कानबरोबर फिलाडेल्फियात काम केलेले अनंत राजे यांनी त्याच भाषेत पुरे केले. राजे मुंबईचे, जे. जे.चे विद्यार्थी. या परिसराची छायाचित्रे छापताना त्यांचे नाव बहुतेकदा गळते, म्हणून इथे लिहिले.

आता मुख्य मुद्द्याकडे. कंपनीची व्यूहनीती, ज्याला तेव्हा हार्वर्डच्या चालीवर ‘बिझनेस पॉलिसी’ म्हणत, हा विषय इथे पहिल्यापासून शिकवला जाई. पण साठ-सत्तरच्या दशकांत भारतीय कंपनीला व्यूहनीती होती तरी कुठे? १९५१ च्या कायद्याने कारखाना काढायला परवाना, माल वाढवायला परवाना. १९६९ च्या एकाधिकार कायद्याने मोठ्या घराण्यांवर आणखी बंधने. पुण्यात बजाजची स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि तरीही कंपनीला हव्या तितक्या स्कूटर बनवता येत नसत. गिऱ्हाईक आहे, कारखाना आहे, माणसे आहेत, फक्त दिल्लीचा कागद नाही. स्पर्धकाला कसे हरवावे, या अमेरिकन प्रश्नाला इथे अर्थच नव्हता. त्यामुळे संस्थेतले हुशार लोक सरकारकडे वळले. सार्वजनिक उद्योग कसे चालतात, रेल्वे, आरोग्य, शिक्षण यांचे व्यवस्थापन कसे करावे, यासाठी १९७५ च्या सुमारास वेगळा गटच निघाला. मथाईंनंतरचे संचालक सॅम्युएल पॉल यांनी विकसनशील देशांतल्या यशस्वी ठरलेल्या सरकारी कार्यक्रमांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. डेअरी विकास मंडळ त्यातले एक उदाहरण. पुढे बंगळुरूला जाऊन त्यांनी महापालिकेला नागरिकांकडून गुण द्यायचे प्रगतिपुस्तक काढले, ती याच अभ्यासाची पुढची पायरी.

शेतीचे काम त्याहून जुने. १९६३ पासूनच शेतीव्यवस्थापनाचा गट होता. खताची मागणी कशी मोजावी, बियाणे गावापर्यंत का पोचत नाही, बँकेचे कर्ज कुठे अडते, हे प्रश्न हार्वर्डच्या कुठल्याच केसमध्ये नव्हते. जगातल्या फारच थोड्या बिझनेस स्कूलांनी शेतीला घरात घेतले असेल.

मथाई स्वतः १९७५ मध्ये राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात गेले. व्यवस्थापनाचे ज्ञान कारखान्याबाहेर चालते का, हे त्यांना पाहायचे होते. जमीन खडकाळ, पाऊस नाही. पण चामड्याचे काम करणारे आणि विणकर होते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची माणसे जोडीला घेऊन त्यांनी त्या कारागिरांना माल ठरवणे, दर काढणे, हिशेब ठेवणे आणि सावकाराच्या पकडीतून बाहेर पडणे शिकवण्याचा खटाटोप केला. शिकणारे दोन्ही बाजूंना होते. आयआयएमच्या प्राध्यापकाला शहरी दुकानदार कारागिराचा माल का नाकारतो याचे उत्तर वर्गात सुचत नसे, ते तिथे समजे. या प्रयोगावरचे त्यांचे पुस्तक १९८५ मध्ये निघाले, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यातून उभी राहिलेली कारागिरांची संघटना त्यांच्या माघारी टिकली. पण जवाजाचा नमुना दुसरीकडे रुजला नाही, हेही नोंदवायला हवे. मथाई एकच होते.

उद्योजकतेचा अभ्यास इथे दोन अगदी वेगळ्या दारांनी आला. एक दार इतिहासाचे. द्विजेंद्र त्रिपाठी हे मूळचे इतिहासकार. बिझनेस स्कूलमध्ये इतिहासाचा प्राध्यापक ही कल्पना तेव्हा बऱ्याच जणांना चैनीची वाटली असणार. पुढे कस्तुरभाई लालभाईंच्या नावाचे अध्यासन त्यांना मिळाले. भारतात उद्योजक कमी का, या प्रश्नाला पाश्चात्त्य विद्वानांचे तयार उत्तर होते : हिंदू धर्म, कर्मसिद्धान्त, जातिव्यवस्था. मॅक्स वेबरपासून ही परंपरा. त्रिपाठींनी पेढ्यांचे दप्तर उघडले आणि दाखवले की संधी आली, भांडवल हाताशी असले आणि राज्यकर्त्यांची धोरणे आडवी आली नाहीत, की याच समाजांतून उद्योजक निघाले. १९८१ मध्ये त्यांनी कस्तुरभाईंवर पुस्तक लिहिले. मकरंद मेहतांबरोबर त्यांनी १८५० ते १९५६ या काळातल्या पश्चिम भारतातल्या उद्योगघराण्यांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला, आणि २००४ मध्ये भारतीय उद्योगाचा सलग इतिहास.

मराठी वाचकाला यात रस वाटायला हवा. ‘मराठी माणूस धंद्यात का नाही’ या प्रश्नावर आपण शंभर वर्षे स्वभावाची, संस्कारांची आणि आळसाची उत्तरे देत आलो. १८८८ मध्ये बेळगावला सायकलचे दुकान काढणारे आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर वाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, किंवा सोलापूरच्या जैन व्यापारी घरातून येऊन जहाजे, विमाने, मोटारी यांत हात घालणारे वालचंद हिराचंद, यांची गोष्ट आपण व्यक्तीच्या जिद्दीची म्हणून सांगतो. त्रिपाठींच्या पद्धतीने पाहिले तर आधी विचारावे लागते की जमीन कुणी दिली, पहिले कर्ज कुठून आले, कुठल्या सरकारी कंत्राटाने हात दिला आणि कुठल्या नकाराने अडवले. किर्लोस्करवाडीच्या बाबतीत औंधच्या राजांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिद्दीचा मान त्याने कमी होत नाही. गोष्ट मात्र पुरी होते.

दुसरे दार मानसशास्त्राचे. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी साठच्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांवर प्रयोग केला होता : काहीतरी साध्य करण्याची ओढ प्रशिक्षणाने वाढवता येते का? येते, असा त्यांचा निष्कर्ष. अहमदाबादला उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी हे सूत्र उचलले आणि १९७८ मध्ये उद्योजक घडवण्याची एक पुस्तिकाच लिहिली. गुजरात सरकारच्या महामंडळाने तेव्हा तंत्रज्ञांना स्वतःचे भांडवल नसतानाही कारखान्यासाठी पूर्ण कर्ज देण्याची योजना काढली होती. कर्ज मिळाले तरी माणसे डगमगत, म्हणून प्रशिक्षण जोडले गेले. या हालचालीतून १९८३ मध्ये अहमदाबादजवळ उद्योजकता विकास संस्था उभी राहिली, व्ही. जी. पटेल यांच्या नेतृत्वाखाली. पाच वर्षांनी औरंगाबादला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र निघाले, ते याच धर्तीवर. जिल्ह्याजिल्ह्यांत भरणारी उद्योजकांची शिबिरे ज्यांनी केली आहेत, त्यांना तिथले रिंगा टाकण्याचे खेळ आठवत असतील. जोखीम किती घेता हे पाहणारा तो खेळ थेट मॅक्लेलंडकडून आलेला. प्रशिक्षणाने ओढ वाढते हे मला मान्य आहे. पण शिबिरातून निघालेल्या किती कारखान्यांना बँकेने खरोखर दार उघडले, हा प्रश्न प्रशिक्षकांनी कमी विचारला.

याच पारीक-राव जोडीला १९७४ मध्ये लार्सन अँड टुब्रोने बोलावले. काम साधे होते : अधिकाऱ्यांचे वार्षिक मूल्यमापन कसे करावे? या दोघांनी अहवाल दिला की मूल्यमापन एकटे सुधारून भागणार नाही. प्रशिक्षण, बढती, समुपदेशन हे सगळे एकत्र बांधा आणि त्यासाठी वेगळा विभाग करा. तसा मनुष्यबळ विकास विभाग तिथे निघाला आणि भारतीय कंपन्यांत ही कल्पना फैलावली. आज प्रत्येक कचेरीत ‘एचआर’च्या नावाने बोटे मोडली जातात, त्याचे एक मूळ या सल्ल्यात आहे. मूळ अहवालात बोटे मोडण्यासारखे काही नव्हते.

संगणकाची एक छोटी आठवण इथेच सांगून घेतो. सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर संस्थेने अनेकांना एकाच वेळी वापरता येईल असा संगणक बसवला. त्यावर काम करायला आलेल्या तरुणांत एन. आर. नारायण मूर्ती होते. तिथले प्राध्यापक कृष्णय्या यांच्यामागोमाग ते पुण्याला गेले आणि १९८१ मध्ये पुण्यातच इन्फोसिस निघाली. पुढे हेच मूर्ती संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. ते पुढे येईल.

पहिल्या तुकडीचा, म्हणजे १९६६ चा, एक विद्यार्थी कोइमतूरचा सी. के. प्रल्हाद. हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन तो इथे शिकवायला परत आला, पण थोड्याच वर्षांत मिशिगनला गेला. १९९० मध्ये गॅरी हॅमेलबरोबर त्याने मांडले की कंपनी म्हणजे मालांची यादी नव्हे. ती जे मुळातून चांगले करू शकते त्या कौशल्यांचा साठा म्हणजे कंपनी. ती कल्पना जगभर गाजली. २००४ मध्ये गरिबांकडे गिऱ्हाईक आणि उद्योजक म्हणून पाहा, असे सांगणारे पुस्तक त्याने लिहिले. त्यात मदुराईचे डोळ्यांचे रुग्णालय, हिंदुस्थान लिव्हर अशी भारतीय उदाहरणे भरभरून आहेत. तो इथे राहिला असता तर हे लिहिले असते का, हा प्रश्न संस्थेला टोचायला हवा. परवाना राजात कौशल्यापेक्षा परवाना मोठा होता. बुद्धिमान माणसाला खिळवून ठेवेल असा त्याचा विषय इथे नव्हता.

ज्ञानाचा मालक कोण, हा प्रश्न अनिल गुप्ता यांनी ऐरणीवर आणला. १९८१ मध्ये ते संस्थेत आले. शेतकऱ्यांच्या ज्ञानावर आपण लेख लिहितो, नाव आपले होते, इंग्रजीत छापल्यामुळे ज्याचे ज्ञान त्याला ते वाचताही येत नाही, या अस्वस्थतेतून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ‘हनी बी’ हे जाळे उभे राहिले. नियम दोन : ज्याने शोध लावला त्याचे नाव द्यायचे, आणि त्याच्या भाषेत त्याला परत सांगायचे. १९९३ मध्ये ‘सृष्टी’ ही संस्था आणि २००० मध्ये केंद्र सरकारचे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही त्याचीच पुढची रूपे. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि थंडीत, विद्यार्थ्यांना घेऊन पायी शोधयात्रा काढायची, हाही त्यांचा परिपाठ.

या श्रेयाच्या प्रश्नाचे एक उदाहरण पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे जेमतेम दीड एकराचे धनी. १९८३ मध्ये त्यांना ‘पटेल-३’ या धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या. त्यातून बारीक, चवदार, भरघोस धान निघाले. त्या वेळी एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून नाव पडले एचएमटी. विदर्भातून हे वाण कितीतरी राज्यांत गेले. कृषी विद्यापीठाने पुढे ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने आपले वाण प्रसारित केले; दादाजींच्या हाती त्यातून काही आले नाही. गुप्तांच्या प्रतिष्ठानाने त्यांचे काम पारखले, २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला, आणि २०१० मध्ये ‘फोर्ब्स’साठी गुप्तांनी निवडलेल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत ते होते. ३ जून २०१८ रोजी ते वारले तेव्हा परिस्थिती हलाखीचीच होती. पुरस्काराने नाव मिळाले, मिळकत नाही. ज्ञानाला श्रेय देणारी व्यवस्था गुप्तांनी उभी केली. मोबदला पोचवणारी व्यवस्था उभी करणे एका प्राध्यापकाच्या आवाक्यातले नव्हते. संस्थेत २००२ मध्ये निघालेल्या नवउद्योग केंद्राने पुढे स्टार्टअपना भांडवल आणि मार्गदर्शन देण्याचे काम मोठे केले, पण त्याची दुनिया दादाजींच्या बांधापासून बरीच दूर आहे.

कंपनी कारभाराच्या बाबतीत या संस्थेने दिलेला सर्वांत धारदार विचार इथले प्राध्यापक जयंत वर्मा यांचा. नव्वदच्या दशकात जगभर एकच चर्चा होती. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये कॅडबरी समितीचा अहवाल आला, त्याचे प्रतिध्वनी इथे उमटले. राहुल बजाज यांच्या नेतृत्वाखाली उद्योगसंघटनेने १९९८ मध्ये आचारसंहिता काढली. त्या सगळ्या चर्चेतले गृहीत असे : भागधारक विखुरलेले आहेत, कंपनी पगारी व्यवस्थापकांच्या हाती आहे, ते मनमानी करतात, म्हणून संचालक मंडळ मजबूत करा. वर्मांनी १९९७ च्या एका लेखात म्हटले की हे दुखणे आपले नाहीच. आपल्याकडे व्यवस्थापक मालकाच्या मुठीत असतो. सार्वजनिक उद्योगात तो मालक सरकार, परदेशी कंपनीत तिची तिकडची मूळ कंपनी, आणि बाकी ठिकाणी घराणे. खरा झगडा बडा भागधारक आणि छोटा भागधारक यांच्यातला. ज्या मंडळाला बडा भागधारकच निवडतो, ते मंडळ त्याला वेसण घालणार कसे? म्हणून इलाज मंडळात नाही. तो बाहेर, नियामकाकडे आणि भांडवल बाजाराकडे आहे. लेख छोटा आहे, भाषा कोरडी आहे, आणि माझ्या मते या साठ वर्षांत संस्थेतून निघालेल्या मोजक्या मूळ कल्पनांपैकी ही एक.

ही कल्पना रुजायला वेळ लागला. कुमारमंगलम बिर्ला समितीनंतर शेअर बाजाराच्या करारात कलम ४९ आले, त्याचा भर स्वतंत्र संचालकांवरच. मग डिसेंबर २००८ मध्ये सत्यम कॉम्प्युटरच्या मंडळाने प्रवर्तकाच्या मुलांच्या कंपन्या विकत घेण्याचा ठराव मंजूर केला. मंडळावर हार्वर्ड बिझनेस स्कूलचे कंपनी कारभारावरचे नामांकित प्राध्यापक होते. त्या दिवशी बैठकीच्या अध्यक्षस्थानी हैदराबादच्या बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता होते. भागधारकांनी बाजारात शेअर फुंकून टाकले तेव्हा ठराव मागे घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी प्रवर्तक रामलिंग राजूंचे हिशेबातल्या घोटाळ्याचे कबुलीपत्र आले. मंडळ हतबल ठरले, बाजार जागा होता. वर्मांनी अकरा वर्षे आधी लिहिले होते तसेच. २०१३ च्या कंपनी कायद्यात संबंधितांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारात त्या संबंधित भागधारकाने मत देऊ नये, अशी तरतूद झाली. बड्याला बाजूला बसवून छोट्यांना विचारायचे, ही त्याच विचाराची दिशा. वर्मा सेबीतही होते; निर्देशांकाच्या वायद्यांसाठी किती मार्जिन घ्यावे हे १९९८ मध्ये त्यांच्या गटाने ठरवले. पुढे रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत बाहेरचे सदस्य म्हणून त्यांनी वेगळे मत नोंदवण्याची सवय सोडली नाही.

संस्थेच्या स्वतःच्या कारभाराकडे हाच चष्मा लावून पाहिले तर बडा भागधारक दिल्लीत बसलेला दिसतो. फेब्रुवारी २००४ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी फी दीड लाखांवरून तीस हजारांवर आणण्याचा हुकूम काढला. गरिबांना शिकता यावे हे कारण. पण फी उतरली की तूट भरायला केंद्राचे अनुदान लागणार आणि अनुदानाबरोबर हुकूम येणार, हे प्राध्यापकांना दिसत होते. नारायण मूर्तींच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने आणि प्राध्यापकांनी विरोध केला. मे महिन्यात सरकार बदलले आणि हुकूम गुंडाळला गेला. त्या काळात संस्था पदवी देऊ शकत नव्हती, पदविकाच देत होती, कारण ती कायद्याने विद्यापीठ नव्हे, नोंदणीकृत सोसायटी होती. २०१७ च्या कायद्याने, जो ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला, पदवीचा अधिकार दिला आणि संचालक व अध्यक्ष निवडण्याचे स्वातंत्र्य मंडळाला दिले. मथाईंनी रीतीने जे चालवले होते ते आता कायद्यात आले. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातले बरेच परत घेतले : राष्ट्रपती या संस्थांचे कुलाध्यक्ष झाले, मंडळाचा अध्यक्ष त्यांनी नेमायचा, संचालकाच्या नेमणुकीला त्यांची पूर्वसंमती लागते, आणि कारभाराची चौकशी करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे आला. संस्थेच्या प्राध्यापकांपैकी कुणी या दुरुस्तीवर वर्मांच्या १९९७ च्या लेखाच्या पद्धतीने एक केस लिहिली, तर वर्गात तिच्यावर चर्चा रंगेल यात शंका नाही. अडचण तिच्या छपाईला संबंधित मालकाची परवानगी मिळवण्याची.